पाट्यावरचं तांब्याभर पाणी

त्या दिवशी डोंगरीच्या माथ्यावर आम्ही सात जण होतो. आधी तेच सांगून टाकते, म्हणजे मागून कोणी म्हणायला नको की मी होती न् तू नव्हती. एक मी. एक माझी जेठानी, माझ्या मालकांच्या मोठ्या भावाची बायको, पिंपळनेरकडची. एक आमची शेजारीण, गुडघे धरलेले म्हणून काठी घेऊन चढलेली. पल्याडच्या गावाकडून तिघी आल्या होत्या. माझी भावजय, तिची सून, आणि एक जाड आवाजाची बाई. ती बाई पायथ्याशी बोलली तर माथ्यावर ऐकू येतं. सातवा मेंढ्यांवाला ठेलारी आबा. तो आमच्या गावचा नाही न् त्यांच्याही गावचा नाही, म्हणून त्याला थांबवून घेतलं होतं. माझी गाय खाली गोठ्यात होती. पण सगळं तिच्यापायी चाललं होतं, म्हणून तिलाही धरा यात.

आमची डोंगरी काही मोठी नाही. सातपुडा पाहिलेला माणूस हिला पाहून हसेल. चुलीवर डाळ ठेवून निघालं तर शिजायच्या आत माथ्यावर पोचता येतं. आता मला दोन डाळी लागतात, ती गोष्ट वेगळी. वरून आभाळ साफ असलं की सोनगीरचा किल्ला दिसतो, हायवेवरच्या गाड्या सरकताना दिसतात. खाली चार गावं. उगवतीला आमचं, मावळतीला माझं माहेर, न् बाकी दोन गावं दक्षिणेच्या अंगाला, लहान. शिंदखेड्याच्या बाजाराला सगळे एकाच रस्त्याने जातात. पोरी या गावातून त्या गावात दिलेल्या, त्या गावातल्या या गावात आणलेल्या. मला पण अशीच दिली. लग्नाच्या दिवशी वऱ्हाड बैलगाडीने डोंगरीला वळसा घालून आलं. दुसऱ्या दिवशी सासू म्हणे, पाणी भरायला चल, तर विहिरीवरून मान वर केली न् तीच डोंगरी. फक्त पाठ दिसत होती. माहेरी मी तिचं तोंड पाहत होती, सासरी तिची पाठ. चाळीस वर्षांच्या वर झाली, आता कोणतं तोंड न् कोणती पाठ ते मलाच सांगता येणार नाही.

डोंगरीवर गवत होतं. पवन्या, मारवेल, न् खालच्या अंगाला कुसळी. ज्यांना शेत आहे त्यांना बांधावरचं गवत असतं, ज्वारीचा कडबा असतो. आमच्या वस्तीत, विहाराच्या मागच्या आळीत, बऱ्याच जणांना शेतच नव्हतं. आम्हाला डोंगरी होती. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी डोंगरी उघडायची. त्याच्या आधी कोणी विळा लावायचा नाही. उघडली की ज्या त्या गावाने आपापल्या अंगाचं कापायचं.

आता आपलं अंग कोणतं, ते कसं ठरवायचं? कुंपण नाही, खांब नाही. तलाठ्याच्या कागदावर काय असेल ते असेल, आम्ही कोणी पाहायला गेलो नाही. आमच्या सासवांचा कायदा एकच. पावसाचं पाणी ज्या गावाकडे उतरतं, त्या जागेचं गवत त्या गावाचं. बस. उतार डोळ्याला दिसतो, त्यात भांडण होत नव्हतं. पण माथ्यावर एक जागा आहे, परातीसारखी खोलगट, कडेने थोडी उचललेली. तिथे ओल टिकते. बाकी डोंगरी दिवाळीला पिवळी पडते, पण परातीतलं गवत होळीपर्यंत हिरवं राहतं. त्या परातीतलं पाणी एकाच जागेने बाहेर पडतं. तिथे एक चपटा दगड आहे, खाटेएवढा, त्याला आम्ही पाटा म्हणतो. पाट्यावरून पाणी उगवतीला पडलं तर परात आमची. मावळतीला पडलं तर माहेरवाल्यांची.

कधी वाद निघाला तर पाट्याच्या मध्यावर तांब्याभर पाणी ओतायचं. ओतणारी बाई अशी पाहिजे, की जिचं माहेर एकीकडे न् सासर दुसरीकडे. ती कोणाची बाजू घेईल? कोणाचीच घेऊ शकत नाही, म्हणून. माझ्या सासूच्या तोंडून ऐकलं होतं की तिच्या तरुणपणी एकदा ओतलं होतं, न् पाणी सरळ आमच्याकडे पळालं होतं.

मालक कावीळ होऊन गेले तेव्हा धाकटी पाळण्यात होती न् मोठा पाच वर्षांचा. रडायला वेळ होता असं मला आठवत नाही. दोन वर्षं ऊसतोडीला गेली, मग पोरांचे हाल पाहवेनात म्हणून इथेच राहिली. निंदणी केली, कापूस वेचला, रस्त्यावर खडी फोडली. सासूने तिच्या गायीची एक कालवड मला दिली. म्हणे, हिला पोस, ही तुझ्या पोरांना पोसेल. खरंच पोसलं तिने. तिच्या लेकीने पोसलं, न् आता दारात आहे ती तिच्या लेकीची लेक. मोठा सुरतला मिलमध्ये लागला, धाकटी नांदायला गेली, ते सगळं दुधावर झालं. आणि दूध परातीवर. दसऱ्यापासून होळीपर्यंत रोज एक भारा मी परातीतून आणत होती. डोक्यावर चुंबळ, त्यावर भारा, हातात विळा. उतरताना पुढचं काही दिसत नाही, पायालाच वाट शोधावी लागते.

मग ते चर खोदायचं काम निघालं. डोंगरीवर आडव्या चऱ्या खोदायच्या, म्हणजे पाणी पळणार नाही, मुरेल. चारी गावांनी उन्हाळ्यात खोदलं. एक शिकलेला पोरगा लाकडाचं तिकाटणं घेऊन यायचा, त्याला दोरी न् दगड बांधलेला, त्याने सारखी पातळी मोजायचा न् फक्कीने रेघ मारायचा. त्याने सांगितलं होतं, "मावशी, खोदलेला मुरूम खालच्या अंगाला टाका. वरच्या अंगाला टाकू नका." सगळ्यांनी तसंच केलं. एक मीच सोडून.

माझा तुकडा पाट्याच्या अगदी खाली, उगवतीच्या अंगाला आला होता. त्याच्या खाली आमची शेजारीण खोदत होती, न् तिच्या बाजूला सीताफळाचं एक रोप होतं, हातभर उंच. मी मुरूम खाली टाकला की शेजारणीच्या पाठीवर जाय न् रोपावर जाय. ती ओरडली, "मला गाडतेस का इथेच?" म्हणून मी वर टाकला. पाट्याच्या कडेला. वर दोन-चार दगड पण रचले, नीट, एकात एक बसवून, म्हणजे घसरून परत चरीत येऊ नये. माझा हात तसा साफ आहे. बुटकाच वरंबा झाला, मुठीएवढा उंच. तो पोरगा त्या दिवशी दुसऱ्या गावाकडे होता. मला वाटलं, एवढ्याने काय होतं.

पाऊस लागला. एका दुपारी गाय सुटून डोंगरीवर चढली, तिच्या मागे मी. जोराची सर आली म्हणून पाट्याजवळ बसली, डोक्यावर पोतं घेऊन. परात भरली. पाणी पाट्यावर आलं, माझ्या वरंब्याला टेकलं, जरा वेळ तिथेच फिरलं, न् मग मागे वळून मावळतीला उतरून गेलं. पाट्याची उगवतीची कड कोरडी. मी पाहतच राहिली. पोत्यातून पाणी गळत होतं, मला भान नव्हतं. माझ्याच हाताने मी परात पल्याडच्या गावाला देऊन टाकली होती.

कोणाला सांगितलं नाही. आता लपवून काय करू. त्या दसऱ्याला नेहमीसारखी परातीत गेली, भारे आणले. जेठानी गेली, शेजारीण गेली. कोणी काही विचारलं नाही. मनात होतं की एक दिवस कुदळ नेईन, दोन घाव घालीन, वरंबा फुटेल, पाणी पहिल्यासारखं होईल, कोणाला कळणार पण नाही. दोनदा कुदळ घेऊन निघाली पण. एकदा रस्त्यात पाहुणे भेटले. दुसऱ्यांदा कोणी भेटलं नाही, मीच परत आली.

आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, माहेरी गेली. भाऊ आता नाही, पण भावजय बोलावते, न् मी जाते. सकाळी उठली तर भावजय विहिरीवर गोधड्या धूत होती. वैशाखात! मला हसू आलं न् काही समजेना. माझ्या लहानपणापासून त्या विहिरीचा तळ होळीला दिसायचा. वैशाखात आम्ही टँकरच्या मागे घागरी घेऊन पळायचो, एका पाण्यात आंघोळ करून तेच पाणी म्हशीला द्यायचो. गोधडी धुवायची म्हणजे पावसाळ्याची वाट पाहायची. न् ही बाई धपाधप गोधड्या आपटत होती.

"पानी कोठून उनं वं?" मी विचारलं.

"काय माहीत, माय. औंदा हीर आटनीच नही. देख, तीन गोधड्या झाया. तुनी साडी पन दे, धुई टाकस."

मी वाकून विहिरीत पाहिलं. दोन परस पाणी, दोन माणसं एकावर एक उभी राहून बुडतील एवढं. वर मान केली तर डोंगरी. त्या अंगाने तिच्यावर एक नवा हिरवा पट्टा दिसत होता, परातीपासून खाली उतरलेला. मला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. साडी दिली तिला धुवायला. त्यानंतर मी कुदळ काही उचलली नाही.

पण पुढच्या पावसात त्या जाड आवाजाच्या बाईने पाहिलं. ती शेळ्या घेऊन माथ्यावर होती. दसऱ्याच्या आधीच निरोप आला, परात आता आमची आहे, तुमच्या बायकांनी विळा लावायचा नाही. म्हणून दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, डोंगरी उघडायच्या सकाळी आम्ही सात जण पाट्याभोवती उभे होतो, न् माझ्या जेठानीच्या हातात पितळेचा तांब्या होता.

ती बाई म्हणे, "मी सोता देखं. पानी आमनाकडे उतरस."

जेठानी म्हणे, "तू शेळ्या राखस का आमनं पानी राखस?"

"शेळ्या पानी पेतस, माय. मंग पानी देखनंच पडस."

"पेतस ना? मंग तुन्या शेळ्या आमनी परात कव्हय खाई ग्यात, ते बी सांग!"

आबा एका दगडावर बसला होता. तो म्हणे, "बाया वं, भांडन करतस का पानी ओततस? मन्या मेंढ्या खाले चालन्यात."

भावजयीने माझ्याकडे पाहिलं. "ननंदबाईलेच ओतू द्या. ती दोन्हीकडनी शे."

तांब्या माझ्या हातात आला. मला माहीत होतं की पाणी कुठे जाणार. आणखी एक गोष्ट माहीत होती. तांब्या दोन बोटं उगवतीकडे धरून जोराने ओतला असता, तर थोडं पाणी दगडांच्या फटीतून आमच्या बाजूला गळालं असतंच. तेवढं पुरलं असतं. जेठानीने लगेच आरडाओरड केली असती, गेलं, गेलं, आमच्याकडे गेलं. परात वाचली असती. गाय वाचली असती. मला खाली गोठ्यातून तिचं हंबरणं ऐकू येत होतं, का वाटत होतं, आता सांगता येत नाही.

आबा दगडावरून उठून पाट्याजवळ आला.

मी पाट्याच्या बरोबर मध्यावर ओतलं. हळू. पाणी पसरलं, जरा थांबलं, वरंब्यामागे गाळ बसून उतारच फिरला होता, न् सगळं पाणी मावळतीला गेलं. एक ओघळ पण इकडे आला नाही.

मग मीच बोलली. सांगून टाकलं. हा वरंबा मी रचला, मुरूम खाली टाकायचा तो वर टाकला, सीताफळाचं रोप न् शेजारणीची पाठ वाचवायला. एक वर्षापासून मला माहीत होतं, न् माहीत असून मी मागच्या वर्षी तुमच्या परातीतलं गवत कापलं.

शेजारीण काठीवर भार देऊन म्हणे, "मनी पाठनाकरता?"

जेठानीचं तोंड लाल झालं. "मंग देखी काय राहिनी? फोड ते! कुदळ मी आनस. एक घावनं काम शे!"

"हात त लावी देख!" ती बाई पुढे आली.

मी दोघींच्या मध्ये उभी राहिली. म्हणाली, "नही. ते ऱ्हाऊ द्या. तठे हीरमा पानी शे." जेठानीला सांगितलं की माझ्या माहेरी वैशाखात गोधड्या धुतल्या. तिला काही सांगायची गरज नव्हती खरं तर. ती पण घागरी वाहून म्हातारी झालेली बाई. ती वरंब्याकडे पाहत राहिली, मग तिने कमरेचा पदर सोडला न् खाली बसली.

भावजय म्हणे, "आन् तुनी गाय काय खाई?"

"गायनं मी देखसू," मी म्हणाली. काय पाहणार होती, मला पण माहीत नव्हतं. विकावी लागली असती. तीन पिढ्या दारात असलेली.

भावजय त्या जाड आवाजाच्या बाईला म्हणे, "लेकीना भारा देतस ना आपुन?"

हा पण जुनाच कायदा. डोंगरी उघडते त्या दिवशी, त्या गावच्या लेकी आजूबाजूच्या गावात दिलेल्या असतील तर त्यांनी माहेरच्या अंगाचा एक भारा कापून न्यावा. सगळे देतात. साडी-चोळी कोणाला जमते, कोणाला नाही, गवताचा भारा सगळ्यांना जमतो.

"देतस," ती बाई म्हणे. "एक रोज."

"एक रोज कोनी सांगं? लेक काय एक रोजनी ऱ्हास का? आज लेक, सकाय कोन?"

त्या बाईने मान फिरवून खाली आमच्या गावाकडे पाहिलं. तिची पण एक मुलगी आमच्या गावात दिलेली आहे, ते तेव्हा तिला आठवलं असेल.

शेजारीण काठी वर करून म्हणे, "मी बी तुमनीच लेक शे वं. काठीसुद्धा."

मग हिशेब असा निघाला की परातीत जाणाऱ्या आमच्या बायकांमध्ये बहुतेक जणी त्यांच्याच लेकी. राहिली एक जेठानी. ती म्हणे, "मंग मी काय पिंपळनेरहून भारा आनू?"

आबा एवढा हसला की त्याची बिडी पडली. त्याने ती लगेच पायाने विझवली, वाळलं गवत होतं.

भावजय म्हणे, "तू मनी ननंदनी जेठानी. तू बी आमनी लेक. पन एक शे, तोंड घर ठेवी येजो."

"तोंड घर ठेवसू त श्वास कोठून लेऊ? इतला मोठा चढ शे!"

भावजयीच्या सुनेने तेव्हा विळा काढला न् परातीत उतरून पहिली मूठ कापली. मग बोलणं थांबलं, सगळ्याच उतरलो.

तेव्हापासून तसंच चाललं आहे. पहिले चार दिवस त्यांच्या बायका कापतात, चांगलं उंच गवत त्या नेतात. नंतर आम्ही लेकी. माझा भारा आधीपेक्षा लहान झाला, दूध पण कमी झालं, पण गाय दारात आहे. ती जाड आवाजाची बाई पुढे वर्षभर माझ्याशी बोलली नाही. एका आखाजीला विहिरीवर भेटली तेव्हा म्हणे, पानी ले, माय, बादली भरी ले. तेवढं पुरे आहे. सीताफळाचं ते रोप आता माझ्या डोक्याच्या वर गेलं. फळं बारीक येतात पण गोड आहेत.

आता मी हे का लिहिते. मी चौथी शिकलेली, अक्षर धड नाही, पण लिहावं लागतं. रविवारी डोंगरीवर गाड्या येतात. धुळ्याहून, जळगावहून पोरं-पोरी येतात, फोटो काढतात, चहा करतात. चांगली असतात, मला मावशी म्हणतात, बिस्किटं देतात. मागच्या वर्षी त्यांच्यातल्या कोणी माझ्या वरंब्याचे तीन दगड काढून चूल मांडली, न् बाकीचे एकावर एक ठेवून बुरूज केला, शोभेला. त्यांना काय माहीत. पावसात अर्धं पाणी इकडे आलं, अर्धं तिकडे. आमचा चर त्याने फुटला, कोणाच्याच कामाचं झालं नाही, न् होळीला भावजयीने विहिरीचा तळ पाहिला. मी जाऊन दगड परत बसवले. बसवता बसवता कमर धरली, दोन दिवस उठता आलं नाही. पुढच्या वेळी मला चढता येईल का, माहीत नाही.

म्हणून जो कोणी हे वाचेल त्याला एवढंच सांगणं आहे. डोंगरीवर या. सीताफळं खा, पाट्यावर बसा, सोनगीरचा किल्ला पाहा. पण पाट्याच्या उगवतीच्या कडेला मुरमाचा न् दगडांचा बुटका वरंबा आहे, त्यावर आता गवत उगवलं आहे. त्याचा एकही दगड हलवू नका. कोणी हलवलेला दिसला तर परत जागेवर ठेवा.